जिभेखालची दहा मिनिटं

माझ्या सासऱ्यांना रोज सकाळी आठ वाजता दहा मिनिटं गप्प बसवायचं, हे काम डॉक्टरबाईंनी माझ्यावर सोपवलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "त्याच्यापरीस आणखी एक ऑपरेशन सांगितलं असतं तर सोपं गेलं असतं."

सासरे, दिनकरराव, एसटीत तीस वर्षं कंडक्टर होते. त्यांच्या गाडीतून उतरणारा माणूस तिकिटाबरोबर दोन-चार सोयरिकींची माहितीही घेऊन उतरायचा. निवृत्तीनंतर तीच गाडी ताडकळसला आमच्या ओसरीवर येऊन उभी राहिली, इतकंच.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. दुखणं सोसवेना, म्हणून छातीवर चिकटवायचे फेंटानिलचे, म्हणजे अफूसारख्या औषधाचे, पॅच मिळाले, तीन दिवसांना एक. दुखणं गेलं, पॅच राहिले. मग तीन दिवसांचे दोन झाले आणि एका पॅचचे दोन झाले. कुठून आणता, असं विचारलं की मामंजी भलत्याच गावाची गोष्ट सुरू करायचे आणि अर्ध्यात हनुवटी छातीला टेकून झोपायचे. झोपेतही नाक खाजवायचे. मी बी.एस्सी. झालेली, पाकिटावरचं बारीक अक्षर घरात मी एकटीनेच वाचलेलं. वापरून टाकलेला पॅचही लेकराच्या अंगाला चिकटला तर श्वास थांबू शकतो, हे वाचल्यापासून मी फरशीकडे बघतच चालायचे.

तरी एका दुपारी आमची आर्वी, दहा महिन्यांची, रांगत माझ्याकडे आली तर पायजम्याच्या गुडघ्यावर वापरलेला पॅच चिकटलेला. नशीब, कापडावर होता. तशीच दवाखान्यात पळाले. नर्स तिचे श्वास मोजत होती, आणि नर्स बरोबर मोजते का ते बघायला मीही मोजत होते. काही झालं नव्हतं. घरी आल्यावर सासऱ्यांना म्हटलं, "मामंजी, या घरात एक तर पॅच राहतील नाहीतर नात."

बराच वेळ त्यांनी तिच्या गुडघ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "चल परभणीला. पण तुझ्या बापाला कळू द्यायचं न्हाई, शपथ हाय तुला. इवायापुढं इज्जत गेली तर तुझ्या माहेराला, पालमला जाणाऱ्या गाडीत मी कसा चढू?"

पहिले काही दिवस परभणीच्या व्यसनमुक्ती केंद्रातच काढले. जांभया, गळकं नाक, अंगावर काटा आणि संडासाच्या फेऱ्या, त्यांच्याच भाषेत 'विनाथांबा'. नंतर जिभेखाली ठेवायची गोळी सुरू झाली. आता आठवड्याची औषधं घरी मिळतात, कपाटाची किल्ली माझ्या मंगळसूत्रात. गोळी विरघळेपर्यंत बोलायचं नाही, गिळायचं नाही, चहा नाही. पोटात गेली तर वाया; मग दुपारपासून जांभया आणि संध्याकाळपर्यंत पॅचची आठवण. शेवटी ते जीभ वर करून दाखवतात आणि मी टॉर्च लावून बघते. सासऱ्यांच्या तोंडात टॉर्च मारणारी सून आमच्या खानदानात मी पहिलीच.

बोलायला बंदी, म्हणून त्यांनी तांब्या जवळ घेतला. बोटातल्या अंगठीने एकदा टण्ण म्हणजे थांबा. दोनदा टण्ण-टण्ण म्हणजे जाऊ द्या. घरात सगळ्यांना कळायचं. आर्वीलासुद्धा.

तीन आठवडे एकही गोळी चुकली नाही. आणि मग आर्वीचं जावळ आलं.

माहेरचे लोक दहाला येणार होते. आठ वाजता मी गोळी दिली, मोबाईलवर दहा मिनिटं लावली, आणि दोन मिनिटांत दारात बाबा. आमचे बाबा, रंगनाथराव, उभ्या आयुष्यात कुठं वेळेवर गेलेले नाहीत. त्याच दिवशी दोन तास आधी.

"राम राम, इवाई!"

मामंजींनी हात जोडले आणि छताकडे बघायला लागले.

"काय म्हणता? बरं हाय ना?"

छत.

बाबांचा चेहरा उतरला. कारण आमच्या लग्नात माईकवरून सगळ्या पाहुण्यांची नावं पुकारली गेली आणि नेमकं नवरदेवाच्या बापाचं राहिलं. मामंजी रुसून रसवंतीत जाऊन बसले होते. त्यांना माघारी आणायला तीन फेटे लागले.

"रुसलेत," बाबा माझ्या कानात म्हणाले. "काय चुकलं गं आमचं?"

"काही नाही बाबा, तुम्ही हातपाय धुवा ना आधी," मी म्हटलं. घड्याळात साडेसात मिनिटं बाकी.

पण मामंजींच्या थोरल्या बहीण कडूबाई जावळासाठी आदल्या रात्रीच आल्या होत्या आणि तिथंच तांदूळ निवडत होत्या. त्यांना गोळीचं ठाऊक नव्हतं, आणि मानपानातलं सगळं ठाऊक होतं. "नुस्ता राम राम करून भागतंय व्हय? माझा भाऊ काय वाटंवर पडलाय? फेटा काढा!"

बाबांनी पिशवीतून जावळासाठी आणलेला फेटा काढला आणि बांधला. मामंजी गप्प. नारळ दिला. गप्प. खांद्यावर टॉवेल. गप्प, पण आता कपाळावर घाम. बाबा म्हणाले, "इवाई, नाव माईकवरून घेऊ का? आणू का माईक?"

टण्ण, तांब्या वाजला.

"पाणी मागायलेत!" कडूबाईंनी पेला भरला. सासूबाईंनी तो हिसकावून स्वतःच पिऊन टाकला. "मलाच लागली होती," त्या म्हणाल्या.

"आता तोंड गोड केल्याबिगर ऐकायचा न्हाई त्यो," कडूबाईंनी निकाल दिला, आणि बाबांनी पेढ्यांचा पुडा सोडला.

साडेचार मिनिटं बाकी. बाबांचा पेढा पुढं, कडूबाईंचा हात मामंजींच्या हनुवटीखाली. टण्ण! टण्ण! टण्ण! अशी बेल एसटीत कुणी ऐकली नसेल. मी सांगू का? शपथ घातलेली. नाही सांगितलं तर? गोळी गेली. मी नुसतीच "बाबा, पेढा शिळा आहे" म्हणाले, आणि बाबा दुखावून म्हणाले, "सकाळीच घेतलाय गं."

मामंजींनी माझ्याकडे बघितलं. मग माझ्या कडेवरच्या आर्वीकडे. मग खिशात हात घातला, केंद्राचं कार्ड काढलं आणि दोन बोटांत धरून बाबांपुढं केलं, तीस वर्षं तिकीट धरत होते तसं.

बाबांनी ते लांब धरून मोठ्याने वाचलं, "व्यसनमुक्ती केंद्र." पेढा तसाच हवेत. "इवाई... दारू?"

मान जोरात आडवी. फेटा निसटून एका डोळ्यावर आला.

मग मीच सांगितलं. पॅच, गुडघा, गोळी, सगळं. बाबांनी पेढा पुड्यात ठेवला, टोपी सारखी केली आणि मामंजींना लागून बसले.

"किती राहिले?"

"तीन मिनिटं."

"मग समद्यांनी गप बसा. कडूबाई, तुमीबी."

"मी काय बोलले?" कडूबाई म्हणाल्या.

टण्ण, मामंजी.

सगळे गप्प बसले. बाबा दर अर्ध्या मिनिटाला माझ्या मोबाईलमध्ये डोकावत होते. गजर वाजला. मामंजींनी सवयीने आ करून जीभ वर केली. मी टॉर्च लावला. गोळी पूर्ण विरघळली होती.

"बघू," बाबा वाकले. "हां. साफ हाय."

"मलाबी बघू द्या की!" कडूबाईंनी बाबांना बाजूला सारलं आणि बराच वेळ आत बघितलं. "दाढ किडलीय ह्याची."

मामंजींनी तोंड मिटलं, दहा मिनिटांचा दम एकदम सोडला आणि म्हणाले, "रंगनाथराव, फेटा लय ढिला बांधता तुमी. रुसणाऱ्या माणसाचा घट्ट लागतो."

"तुमी रुसलेच नव्हते ना?"

"आता रुसलो. कसं लपवत होतो, आणि तुमी मोठ्यानं वाचलं."

बाबांनी पेढा दिला. या वेळी मामंजींनी खाल्ला. खाली सोडलेली आर्वी रांगत तांब्यापाशी गेली. मी आधी तिचे दोन्ही गुडघे बघितले, अजूनही बघते. मग तिने हातातल्या चमच्याने तांब्याला मारलं. टण्ण-टण्ण.

"चला," मामंजी उठले, "जाऊ द्या."