झाकणातला दोरा

घाबरत घाबरतच बोलतोय मी, सांभाळून घ्या. मुलुंडला, डॉक्टर क्षमा यांच्या दातांच्या दवाखान्यात, आतल्या खोलीतल्या ओट्यावर बसलोय. दात काढायची, घासायची हत्यारं वाफेवर शिजवून जंतू मारणारं यंत्र मी. कागदोपत्री नाव ऑटोक्लेव्ह. पण गेली अकरा वर्षं मला सांभाळणाऱ्या कुंदाबाई मला सरळ ‘कुकर’ म्हणतात. मलाही तेच आवडतं.

जन्म मरोळच्या एका कारखान्यातला. पहिली सहा वर्षं गोरेगावच्या एका प्रसूतिगृहात काढली. ते बंद पडलं आणि मला गोदामात चादरीखाली टाकलं. दोन वर्षं कोणी विचारलं नाही हो! बाहेर भंगारवाल्याची हाक ऐकू आली की आतलं उरलंसुरलं पाणी थरथरायचं. मुळात मी भित्राच. डॉक्टर मॅडमनी मला उचललं तेव्हा ठरवलं, आता कामात कसूर करायची नाही.

काम तसं सोपं. कुंदाबाई हत्यारांची पाकिटं आत ठेवतात, वर एक आणि खाली एक कागदी पट्टी टाकतात आणि झाकण आवळतात. वाफेच्या दाबाचा काटा पंधरावर जाऊन वीस मिनिटं टिकला की पट्टी काळी होते. काळी म्हणजे जंतू मेले. फिकी राहिली तर काहीतरी चुकलं. एक पट्टी वहीत चिकटवायची. दुसरी टाकून द्यायची, पण कुंदाबाईंना काही टाकवत नाही. कोकणातलं माणूस! बिस्किटांच्या डब्यात त्यांनी शेकडो काळ्या पट्ट्या जमवून ठेवल्यात.

यंदा दसऱ्याला नेहमीसारखी आमची पूजा झाली. हत्यारांना हळद-कुंकू, खुर्चीला आपट्याची पानं. मला मॅडमनी स्वतःच्या हातानं झेंडूची भलीमोठी माळ घातली. काय मिरवलो मी त्या दिवशी! पण माळ लोंबत होती ती नेमकी माझ्या काट्यावर. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, कामाला लागताना कुंदाबाईंनी ती काढली नाही. देवाची माळ ओरबाडायची नसते, वाळली की उतरवायची, असं त्यांचं म्हणणं. झाकण लावताना त्यांनी ती जरा मागे सारली आणि माळेच्या दोऱ्याचं टोक झाकणाच्या रबराखाली अडकलं.

झालं! मागच्या बाजूनं, भिंतीकडून, वाफ सुटायला लागली. काटा बारावर अडला. मी जीव खाऊन जोर लावत होतो, पण वाफ काही थांबेना. काटा झेंडूआड, गळती भिंतीकडे. कुंदाबाईंनी आपलं घड्याळ बघितलं, वीस मिनिटांनी मला बंद केलं. पट्टी फिकी निघाली.

“सादळली वाटतं मेली,” त्या पुटपुटल्या. “कालच ओवाळलंय याला, हा कसला बिघडतोय!”

सोमवारी दवाखान्याची तपासणी होती. वही नीट ठेवा, असं मॅडमनी तीनदा बजावलं होतं. कुंदाबाईंनी डबा उघडला आणि जुनी काळी पट्टी वहीत चिकटवली. शनिवारी पुन्हा तेच. आणि मी शुक्रवारी अर्धवट शिजवलेली हत्यारं शनिवारी अकरा जणांच्या तोंडात गेली. मला सगळं कळत होतं. पण यंत्राला तोंड कुठे असतं?

सोमवारी अकराला तपासणीवाल्या श्रुतिका मॅडम आल्या. वय तिशीचं, आवाज मऊ. मऊ बोलणाऱ्या माणसांची मला जास्त भीती वाटते. त्यांनी कचऱ्याचे डबे बघितले, औषधांच्या तारखा बघितल्या, मग माझ्यासमोर उभं राहून वही चाळली. माझं पाणी पाणी झालं. पकडलो गेलो तर मी भंगारात आणि कुंदाबाई घरी. नाही पकडलो गेलो तर? तर ती हत्यारं अशीच फिरत राहणार.

“छान ठेवलीय वही,” त्या म्हणाल्या आणि सही करायला पेन काढलं.

त्याच वेळी बाहेरच्या खुर्चीत त्या दिवसाचे पहिलेच पेशंट, भाऊ, आडवे झाले होते. भाऊ म्हणजे कुंदाबाईंच्या गावचे, सत्तरीचे, मधुमेहाचे. दाढ काढायची होती. इंजेक्शन देऊन झालं होतं. डॉक्टर मॅडमनी हात पुढे केला, “कुंदाबाई, शनिवारचं पक्कडीचं पाकीट द्या.”

कुंदाबाईंनी पाकीट उचललं. भाऊंचा ओठ बधिर झाला होता, शब्द घसरत होते. “कुंदा गो, माका साखर आसा. जखम बेगीन भरना नाय. सगळा नीट उकळलला आसा मा? तुझ्या भरवशार इलंय.”

असं विचारलं की कुंदाबाईंचं ‘होय’ ठरलेलं. मी वाट बघत होतो. ते आलं नाही. मॅडमनी पाकीट त्यांच्या हातातून घेतलं, फाडलं, पक्कड बाहेर काढली. बाई बोला हो! माझ्या वतीनं बोला!

“नको मॅडम! ती पक्कड लावू नका!” कुंदाबाई इतक्या मोठ्यानं ओरडल्या की भाऊ खुर्चीतून अर्धे उठले. “पट्टी फिकी आली होती. शुक्रवारची पण, शनिवारची पण. मी जुन्या चिकटवल्यात.”

श्रुतिका मॅडमनी पेन मिटलं, माझी माळ उतरवली आणि मला चालू करायला सांगितलं. काटा बारावर जाऊन थांबला. मागची भिंत ओली झाली. झाकण उघडल्यावर रबरावर बोटभर दोरा आणि झेंडूची एक काळपट पाकळी.

“शुक्रवारपासून माहीत होतं तुम्हाला?” डॉक्टर मॅडमचा आवाज चिरकला.

“मला वाटलं पट्टीच खराब आहे. खरंच वाटलं हो.” कुंदाबाई रडायलाच लागल्या.

डॉक्टर मॅडमनी तो दोरा रबरावरून उचलला. “माळ तर मीच घातली होती,” त्या म्हणाल्या आणि स्टूल ओढून बसल्या.

दवाखाना बंद झाला. भाऊ दाढेसकट घरी गेले. आता मला नवीन रबर बसलंय, पण पोटावर लाल कागद आहे, ‘वापरू नये’. त्या अकरा जणांना फोन करून रक्त तपासायला सांगायचं, आणि सहा महिन्यांनी पुन्हा, असं ठरलं. कुंदाबाई माझ्याशेजारी बसून फोन करत होत्या. कोणी शिव्या घातल्या, कोणी रडलं. दहा जणांचे पहिले रिपोर्ट चांगले आलेत.

अकरावा माणूस सापडत नाहीये. पेशंटच्या वहीत ‘प्रबुद्ध’ एवढंच नाव आणि फोनचे नऊच आकडे. शनिवारच्या घाईत कुंदाबाईंचा एक आकडा राहिला. रोज त्या वेगळ्या जागी वेगळा आकडा घालून बघतात. पलीकडून कोणी तिसराच बोलतो. “सॉरी हं,” म्हणतात आणि पुन्हा लावतात. कामावर ठेवायचं की नाही ते मॅडमनी अजून सांगितलेलं नाही. आधी तो माणूस मिळू दे, एवढंच म्हणाल्या.

मला भंगाराची भीती वाटते अजून, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त काळजी त्या माणसाची वाटते. म्हणून तुम्हाला सांगतोय. दसऱ्यानंतरच्या शनिवारी, दुपारी चारच्या सुमाराला, मुलुंडच्या एका दवाखान्यात दात साफ करून गेलेले, निळा शर्ट, हातात हेल्मेट, जाताना कुंदाबाईंना “थँक्यू मावशी” म्हणालेले तुम्हीच असाल, तर परत या. एकदा रक्त तपासून घ्या. आम्ही कोणी तुमच्याशी वाद घालणार नाही. दरवाजा बंद दिसला तरी बेल वाजवा, कुंदाबाई आत माझ्याजवळच बसलेल्या असतात.