ताना कामचुकार नव्हती

पहाटेपासून बायडाबाईचे हात थांबले नव्हते. दोन म्हशींच्या धारा, शेणघाण, चुलीवरच्या भाकऱ्या, शेतावर न्यायची न्याहारी आणि वर पाणी. पन्हाळ्याच्या पायथ्याच्या त्या गावात तिचं घर खातंपितं होतं, पण राबणारे हात दोनच, तिचे. दोन वर्षांपूर्वी धाकट्या दिराचं लग्न होऊन ताना घरात आली, तेव्हा बायडाबाईला वाटलं होतं की आता पाठीला जरा आराम मिळेल. मिळाला नाही. उलट चीड वाढली.

त्या सकाळी ताना आडावर गेली ती परत येईचना. बायडाबाई पिठाच्या हातांनीच दारात आली. ताना चावडीच्या कट्ट्यावर बसली होती, घागर बाजूला.

"पुन्यांदा बसलीस व्हय? हिकडं माझं कंबरडं मोडाय लागलंय, आन् तू गावाची मजा बघत बसलीयास!"

"दम लागतोय, बाई. छातीत कायतरी फडफडतंय."

"तरण्या पोरीला कसला आलाय दम? ऊठ!"

ताना उठली. घागर उचलताना तिचे ओठ काळेनिळे पडले, पण ते बघायला बायडाबाईजवळ सवड नव्हती.

सासू आक्काने निकाल कधीच दिला होता. "कामचुकार हाय. चंदगडकडनं सोयरीक केली तवाच मला वाटलं हुतं." देवरुष्याचा अंगारा झाला, लिंबू उतरवून झालं. नवरा केरबा मान खाली घालून जेवायचा आणि शेतावर जायचा. बायको आजारी आहे की आळशी, हे त्याने तिला एकदाही विचारलं नव्हतं.

एके दिवशी दुपारी सगळे जरा लवंडले असताना बायडाबाई माजघरात गेली. ताना भिंतीला टेकून बसल्या बसल्या डोळे मिटून होती.

"आडवी हो की. आता कोन बोलतंय तुला?"

"आडवं झालं की बुडाल्यागत हुतंय, बाई. रातीबी अशीच बसून असतो मी."

बायडाबाई चपापली. कामाचा आळस करणारं माणूस आडवं व्हायचा आळस कशाला करील? तिला एकदम स्वतःचे सगळे टोमणे आठवले. आणि मग राग आला. या वेळी तानाचा नव्हे.

अंबाबाईच्या दर्शनाला जातो म्हणून तिने तानाला कोल्हापूरला नेलं आणि थेट सरकारी दवाखाना गाठला. डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं.

"लहानपणी सांधे सुजले होते का?"

"व्हय जी. आधी घसा सुजला हुता. मागनं ताप. मग एक गुडघा सुजला, तो उतरला की दुसरा, मग घोटा. आईनं लेप लावला. बरं झालं."

"सांधे बरे झाले, पण त्याच तापाने हृदयाला इजा झाली," डॉक्टर म्हणाले. "हृदयात झडपा असतात, दारांसारख्या. हिची एक झडप सुजून आवळलीय. दार पुरतं उघडत नाही, मग मागे रक्त तुंबतं आणि फुप्फुसात पाणी साठतं. म्हणून दम." मग ते बायडाबाईकडे वळले. "जड काम नको, मीठ कमी. गोळ्या रोज. आणि दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन. घसा पुन्हा सुजला तर हा ताप उलटतो आणि झडप आणखी बिघडते, म्हणून ते चुकवायचं नाही. मूल इतक्यात नको, जिवावर बेतेल. पुण्याला ऑपरेशन करून झडप मोकळी करता येते. मी चिठ्ठी देतो."

तीन-चार वेळा बायडाबाईने कसलं ना कसलं निमित्त काढून तिला इंजेक्शनला नेलं. ताना आडवी होऊन झोपू लागली. एकदा तर ती गुणगुणत तांदूळ निवडत होती. बायडाबाईला वाटलं, आता घरात खरं सांगायला हरकत नाही. तिने सांगितलं.

"काम नगं, पोर नगं, वर दर तीन आठवड्याला सुई आन् पुन्याचं आपरेशन!" आक्का कडाडली. "मग ही सून हाय का पावनी? धाडा तिला चंदगडला. केरबाला दुसरी करू. आन् लांब कशाला जायाचं? बायडे, तुझी धाकटी बहीण बाळी हाय की! तुझ्या हाताला हात मिळंल."

खोटं कशाला बोला, क्षणभर बायडाबाईचं मन हललं. बाळी धडधाकट होती, पाठची बहीण होती. पाठीला आराम मिळाला असता. पण समोर ताना उभी होती, पदराचं टोक मुठीत धरून.

"आन् हिची सुई, आत्ती? चंदगडच्या पावसात हिला दवाखान्यात कोन न्हेनार?"

नवरा हंबीरराव हसला. "तू डॉक्टरीण झालीस व्हय? गप तुझं काम बघ."

"भावजी, तुमी तर बोला!" ती केरबाकडे वळली.

केरबाने तानाचं गाठोडं उचललं आणि यष्टीची वाट धरली. ताना त्याच्या मागे चालू लागली, दर चार पावलांवर थांबत. तो एकदाही तिच्यासाठी थांबला नाही.

मग आषाढ लागला. चंदगडकडचे ओढे भरले, गाड्या बंद पडल्या. बायडाबाई रोज कुणापुढे ना कुणापुढे तेच बोलायची आणि रोज तेच ऐकायची: माहेरी हाय की, मरतीया व्हय? स्वतःच्या माहेरी बाळीचा विषय काढायचा ती टाळत राहिली, तर आक्काने तिच्या वडिलांना परभारे निरोप धाडला.

श्रावणात बायडाबाईच्या लेकीचा, शेवंताचा, घसा सुजला. ताप आला. ताप उतरला आणि गुडघा सुजला. गुडघा उतरला आणि घोटा.

"वाढीचं दुखणं हाय, लेप लाव," आक्का म्हणाली.

बायडाबाईने लेपाची वाटी हातातून खाली ठेवली, पोरीला पाठंगुळी घेतलं आणि कुणाला न विचारता यष्टी धरली.

"वेळेवर आणलीत," डॉक्टर म्हणाले. "हृदयाला थोडीच बाधा झालीय. इंजेक्शनं चुकवली नाहीत तर मुलगी चांगली राहील." मग त्यांनी विचारलं, "आणि तुमच्या जाऊबाई? त्या का येत नाहीत?"

 पोरीला भरती करून बायडाबाईने त्याच दिवशी केरबाला निरोप धाडला: ताना मेली तर मी गावात तुमचं नाव घिऊन वरडंन. या वेळी केरबा गेला.

त्याने तिला आणलं तेव्हा तानाचे पाय सुजून खांबासारखे झाले होते. ताप उलटला होता. शब्दागणिक तिला श्वास पुरत नव्हता. डॉक्टर बायडाबाईवरच ओरडले, "इंजेक्शनं कुणी थांबवली? तुम्हाला सगळं समजावून सांगितलं होतं!"

"आमास्नी कुटं म्हाईत हुतं, सायेब?" केरबा पुटपुटला.

"म्हाईत हुतं!" बायडाबाईचा आवाज अख्ख्या वॉर्डात घुमला. "मी सांगितलं हुतं. बाईमानसानं सांगितलं म्हनून ऐकलं न्हाईसा."

चौथ्या दिवशी ताना गेली. शेवटपर्यंत ती बसूनच होती, बायडाबाईच्या खांद्याला टेकून.

तेराव्याला पाहुणे जमले. पत्रावळी उचलल्या न उचलल्या तोच आक्का बायडाबाईच्या वडिलांना म्हणाली, "तिचं आयुष्यच तेवढं, कोन काय करनार? आता आडकाठी ऱ्हायली न्हाय. बाळीचं ठरवून टाकू."

बायडाबाई सगळ्यांपुढे येऊन उभी राहिली.

"आयुष्य तेवढं नव्हतं, आत्ती. सुई चुकली, आन् ती आपन चुकवली. बाळी या घरात येनार न्हाय. उद्या तिचंबी कायतरी दुखंल, मग तिलाबी गाठोड्यासंगं यष्टीत बसवशीला."

"बायडे!" हंबीरराव उठला.

"आज मला गप करू नगासा. एवढे दिवस गप केलं त्याचंच तेरावं जेवलाय तुमी."

वडील ताडकन उठले. "तुझं माहेर तुटलं, समज." ते निघून गेले. बायडाबाई हलली नाही. ती भांडी घासणाऱ्या बायकांकडे वळली. "ज्यांच्या पोरांचा घसा सारखा सुजतोय, सांधं दुखत्यात, त्यांनी सोमवारी माझ्यासंगं कोल्हापूरला या. शेवंताला सुई हाय."

सोमवारी ती लेकीला घेऊन फाट्यावर उभी होती. रानात निघालेल्या बायका नजर चुकवून पुढे गेल्या. सांधे धरून लंगडणारी पोरं गावात आणखीही होती, पण कुणी येत नव्हतं. गाडीचा आवाज आला तेव्हा त्या दिवशी भांडी घासणाऱ्यांतली चिमणाबाई धापा टाकत आली. तिने आपल्या पोरीला पदराखाली नाकापर्यंत झाकलं होतं.

"कुनी बघितलं तर हिचं लगीन हुयाचं न्हाय गं," ती हळूच म्हणाली.

बायडाबाईने हात पुढे केला आणि पोरीच्या तोंडावरचा पदर बाजूला सारला.

"बघू दे की. चोरी केलीया व्हय पोरीनं?"

यष्टी थांबली. बायडाबाईने आधी दोन्ही पोरींना वर चढवलं.