टाकीतले भक्त

शोभेच्या माशांच्या त्या दुकानात एवढी गर्दी मी जन्मात पाहिली नव्हती. दाराबाहेर चपलांचा ढीग, आत घामाचा आणि सडक्या पाण्याचा वास. भिंतीवरच्या टीव्हीत, टाकीतल्या एका पानावर, शेकडो पारदर्शक घंटा बारीक देठांवर डोलत होत्या. खाली टेबलावर त्या टीव्हीला जोडलेला मायक्रोस्कोप आणि त्याला खेटून बसलेला दुकानदार. गेल्या महिन्यापासून तो स्वतःला जलगुरू म्हणवत होता.

"हे सूक्ष्म आत्मे! माझ्या हाकेला नमतात. हेच पाणी पोटात गेलं की रोगही नमतो!" डोळे मिटून तो गरजला, "नमा!" आणि टेबलावर थाप मारली.

सगळ्या घंटा क्षणात आखडून पानाला चिकटल्या. लोकांनी हात जोडले. माझ्या ताईनेही जोडले आणि हिरवट पाण्याचा पेला तोंडाला लावला.

ताईला मधुमेह. पायाच्या अंगठ्याची जखम चिघळलेली, तरी पंधरा दिवस इन्सुलिन बंद. सुईने म्हणे आत्मे दुखावतात.

मी शाळेच्या प्रयोगशाळेत साहाय्यक आहे. वीस वर्षं मुलांना काचपट्ट्या लावून देते. हे आत्मे माझ्या चांगल्या ओळखीचे होते.

"महाराज, एकदा टेबलाला हात न लावता हाक मारा ना."

"माझी परीक्षा घेतेस?"

"परीक्षा कसली, पुन्हा बघायचंय."

"दाखवा की महाराज, त्यात काय!" पुढे बसलेले निवृत्त कंडक्टर अगदी भाबडेपणाने म्हणाले.

जलगुरूने हात मागे बांधले. "नमा!" घंटा डोलत राहिल्या. "नमा!" त्याचा आवाज फाटला.

"झोपले असतील," मागून कुणीतरी म्हणालं. हशा पिकला, रेटारेटी झाली, कंडक्टरांची खुर्ची टेबलावर आदळली आणि सगळे आत्मे एकदम नमले.

"आता या खुर्चीलाही गुरू करा!" माझा तोल सुटला. "अहो, हे एका पेशीचे जीव आहेत. धक्का बसला की जीव वाचवायला देठ आखडतात. पाण्यातले जंतू खाऊन जगतात. माशांची विष्ठा, कुजकी पानं साचली की जंतू वाढतात आणि त्यांच्या मागे हे वाढतात. टाकी जितकी घाण, तितके याचे भक्त जास्त!"

ताई पेल्याकडे बघत राहिली. "म्हणजे मी इतके दिवस..."

"माशांचा संडास पीत होतीस, ताई."

ती लंगडत बाहेर गेली आणि गटारावर वाकली. मी तिची पाठ चोळत होते, तेव्हा आत जलगुरू टीव्हीची वायर उपटत होता. तिथून मी तिला थेट इस्पितळात नेलं.

पाय वाचला, अंगठा मात्र कापावा लागला. त्या माणसाची मला अजून किळस येते. त्या जिवांचा काही दोष नाही, कुणाला बरं करायचं त्यांनी कबूल केलंच नव्हतं. तुमच्यापुढे कुणी चमत्कार मांडला, तर हात जोडण्याआधी त्याला टेबलावरचा हात उचलायला सांगा. आणि तोवर औषध चालू ठेवा. ताई नवी चप्पल घ्यायला गेली की अजून चपलांच्या दुकानदाराला आधी तो अंगठा नसलेला पाय दाखवते.