टिकलीखालचा पिवळा दिवा

मित्रांनो, बंगळूरजवळच्या होसकोट्यात बसस्टँडच्या मागे, पत्र्याच्या शेडखाली फिकट निळ्या रंगाची एक म्हातारी मोटार उभी असते. ती मी. जपानमधल्या समुद्राकाठच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून मी सिंगापूरला गेले. जहाजावर इंजिनियर असलेल्या गिरीधररावांचे तिथे माझ्यावर मन बसले, आणि एक दिवस क्रेनने मला मद्रासच्या बंदरात उतरवले.

गिरीधररावांचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचे. घरात मराठी, दाराबाहेर कानडी. त्या वर्षांत बंगळूरच्या रस्त्यावर माझ्यासारखी मोटार विरळाच. सिग्नलला स्कूटरवाले वाकून आत बघत. शेजारची माणसे माझी काच बटणाने खालीवर करून बघायला येत. मला ते फार आवडे, खोटे कशाला बोलू?

पण गिरीधरराव पुन्हा जहाजावर गेले, आणि त्याच सुमारास त्यांच्या आईची, पद्मावतीबाईंची, दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली. आठवड्यातून दोनदा इंदिरानगरच्या हॉस्पिटलात जाऊन यंत्रावर रक्त साफ करून घ्यायचे. त्यानंतर अंगात त्राण राहत नसे, मग बसमध्ये उभे कोण राहणार? म्हणून त्यांची सून वाणी गाडी चालवायला शिकली. सुरुवातीला क्लचवर तिचा पाय थरथरत असे आणि सासूबाई शेजारी डोळे मिटून बसत. हळूहळू पाय स्थिर झाला. सासूबाईंचे डोळेही उघडले.

एका उन्हाळ्यात माझ्या मीटरशेजारी, इंजिनाच्या आकाराचा तो छोटा पिवळा दिवा लागला.

माझ्या आत काहीतरी बिघडले होते. दुखत होते, पण कुठे ते सांगायला मला तेवढा एक दिवाच होता. वाणी अस्वस्थ झाली. किल्ली बंद करी, पुन्हा चालू करी. दिवा तसाच. स्टिअरिंगवर तिची बोटे सारखी टकटक करत. रस्त्याकडे बघावे की दिव्याकडे, हे तिला कळेनासे झाले. रस्त्यात जरा खड्डा आला, मी जरा हादरले, की ती लगेच ब्रेक दाबे.

निपाणीकडून बंगळूरला आलेल्या मंजुनाथचे गॅरेज वाटेवरच होते. त्याने माझ्या वायरी सोडल्या, घासल्या, पुन्हा जोडल्या. बॅटरी बदलली. दिवा दोन दिवस गेला आणि परत आला.

"अक्का, वायरिंगचाच स्वल्प घोटाळा दिसतोय," तो डोके खाजवत म्हणाला. "गाडी पळतेय ना? मग पळवा. दिवा काय, जळतोय तर जळू दे."

गिरीधररावांचा कुठल्याशा बंदरातून फोन आला. ते म्हणाले, "दिवा लागलेला असताना गाडी काढू नकोस." वाणी सासूबाईंना अत्याबाई म्हणे; ती म्हणाली, "आणि अत्याबाईंना पाठीवर घेऊन जाऊ?" तेवढ्यात लाइन कट झाली.

खरी धास्ती निराळीच होती. गिरीधररावांचे धाकटे भाऊ सुनीलकुमार हुबळीला राहत. "आईला माझ्याकडे आणतो," हे त्यांनी लावूनच धरले होते. पद्मावतीबाईंना हुबळीला जायचे नव्हते. होसकोट्यात त्यांची तुळस होती, बोलायला शेजारीण होती आणि वाणी होती. ते सुनीलकुमार एका रविवारी येऊन थडकले. सोमवारी हॉस्पिटलला तेही बरोबर येणार होते.

सोमवारी सकाळी वाणी एकटीच शेडमध्ये आली. तिने किल्ली फिरवली. पिवळा दिवा लागला. तिने कपाळावरची टिकली काढली आणि त्या दिव्यावर चिकटवून टाकली.

मित्रांनो, कुणी तोंडावर हात दाबला तर कसे वाटेल? मला तसे वाटले. तिच्यावर रागवावे असेही वाटेना, कारण चिकटवून झाल्यावर तिने माझे स्टिअरिंग हलकेच थोपटले.

आम्ही निघालो. सुनीलकुमार मागे बसले. पद्मावतीबाई नेहमीप्रमाणे पुढे, मांडीवर कापडी पिशवी घेऊन. टिन फॅक्टरीच्या चौकाअलीकडे, केआर पुरमचे रेल्वे फाटक बंद होते. लॉरी, बस, बैलगाड्या, सगळे एकावर एक चढून उभे. ऊन रणरणत होते. मला उभे राहून चालू राहणे जड जाऊ लागले. मी कापू लागले. फाटक उघडले, मागचे भोंगे सुरू झाले, वाणीने गिअर टाकला, आणि मी एक आचका देऊन बंद पडले.

पुन्हा किल्ली. पुन्हा आचका. उन्हाने डिंक विरघळला होता, त्या हिसक्याने टिकली सुटून वाणीच्या मांडीवर पडली. दिवा उघडा पडला.

"वहिनी!" सुनीलकुमार पुढे झुकले. "हे काय? झाकून ठेवलं होतंत?"

वाणीने टिकली मुठीत घेतली.

"बास झालं. आजच्या रात्रीच्या गाडीने आईला घेऊन जातो मी. वाटेत तिला काही झालं असतं तर?"

पण आधी मला रस्त्यातून हलवणे भाग होते. दोन लॉरीवाले उतरले, सुनीलकुमारांनीही बाह्या सरसावल्या आणि मला ढकलत कडेच्या पिंपरणीच्या झाडाखाली नेले. हॉस्पिटलातली यंत्राची वेळ जवळ येत होती. उशीर झाला तर ते यंत्र दुसऱ्या रोग्याला देत. रिक्षा मिळेना. वाणीच्या डोळ्यांत पाणी आले.

"मंजुनाथनं सगळ्या वायरी बघितल्या होत्या, अत्याबाई. आता मी काय बघू?"

पद्मावतीबाई दार उघडून सावकाश उतरल्या. माझ्या बॉनेटवर हात टेकून म्हणाल्या, "ते आमचं यंत्र असतं ना, त्याचा दिवा लागला की सिस्टर दिव्याकडे ढुंकून बघत नाहीत. पहिला हात नळीवर. कुठं दुमडली, कुठं सुटली, ते बोटानं बघत जातात. हिलाही नळ्या असतीलच की. आधी नळी बघ."

वाणीने बॉनेट उघडले. सुनीलकुमारांनी किल्ली फिरवून मला कसेबसे धुगधुगते ठेवले. वाणीने जपून एकेका रबरी नळीवरून बोट फिरवले. हवा आत नेणाऱ्या जाड नळीच्या खालच्या बाजूला, वरून दिसणारच नाही अशा घडीत, बोटाला फट लागली. तिथून मी सूं सूं करत भलतीच हवा ओढत होते. तिने फट दाबून धरली, आणि माझे कापणे थांबले.

"हेच! अत्याबाई, हेच!"

पद्मावतीबाईंच्या पिशवीत, हाताला सुई लावल्यावर वापरायची पांढरी चिकटपट्टी असे. ती गुंडाळून गुंडाळून नळी बांधली. मी पुन्हा नीट श्वास घेऊ लागले.

सगळे गाडीत बसले. वाणीने मागे वळून म्हटले, "भावजी, दिवा झाकला ही माझी चूक झाली. तुम्ही अत्याबाईंना न्याल, याची भीती वाटली."

मग पद्मावतीबाईंनी साडीचा काठ घोट्यापर्यंत वर केला. पाय टम्म सुजले होते. बोट दाबले की खड्डा तसाच राहत होता.

"मीपण झाकलंय," त्या म्हणाल्या. "बरेच दिवस झाले. झोपले की धाप लागते. डॉक्टरांना सांगितलं तर सुनीलला कळेल, आणि सुनील मला नेईल."

सुनीलकुमार आईच्या पायांकडे बघत राहिले. रागावलेला चेहरा हळूहळू रडवेला झाला.

"वहिनी, चला," ते एवढेच म्हणाले. "आधी डॉक्टर."

आम्ही पोचलो तेव्हा यंत्र अजून रिकामे होते. डॉक्टरांनी पद्मावतीबाईंना दोनदाऐवजी तीनदा यायला सांगितले, पाणी मोजून प्यायला सांगितले. उशीर झाला असता तर पाणी फुप्फुसात शिरले असते, असेही म्हणाले. सुनीलकुमारांनी रजा वाढवली, आणि ती संपल्यावर एकटेच हुबळीला परतले. मंजुनाथने मला नवी नळी बसवली आणि दोन दिवसांनी दिवा विझला. पुढची दिवाळी, आणि तिच्या पुढचीही, पद्मावतीबाईंनी होसकोट्याच्या घरातच पाहिली.

आता मी थकले आहे. दिवा अजूनही मधूनमधून लागतो. पण वाणी घाबरत नाही आणि चिडतही नाही. ती मला कडेला घेते, बॉनेट उघडते आणि विचारते, "काय होतंय गं?"

मित्रांनो, तुमच्या दारात एखादी जुनी गाडी कुरकुरत असेल, तर तिला एकदा असे विचारून बघा. आणि मग घरात जाऊन, 'मला काही नाही झालं' म्हणत कोपऱ्यात पडून राहिलेल्या माणसालाही.