छपाईची चूक

अंजूरच्या शाळेला पुस्तकांचं कपाट दिलं ते गुणाबाईनं, नवऱ्याच्या नावानं. त्यावर 'कै. चांगदेव' असं तांबड्या रंगात लिहून घेतलं आणि रंगाऱ्यानं मात्रा तोकडी काढली म्हणून त्याला दोनदा पुसायला लावलं. दुसरीतून शाळा सुटलेली बाई, पण तोकडी मात्रा तिला कळायची. "मी बसल्याबिगर एक पुस्तक आत जायाचं न्हाय," असं तिनं तुळशीराम गुरुजींना आधीच बजावून ठेवलं होतं.

पुस्तकं निवडायला बसण्याचं खरं कारण कपाट नव्हतंच. कारण होतं क्षितिजा, तिची नात. पोर तिसरीत. दिवाळीनंतर एकदा धडा वाचताना जिथं 'नाही' छापलं होतं तिथं ती 'न्हाय' वाचून गेली. वर्ग खदाखदा हसला. गुरुजी म्हणाले, "पुस्तकात आहे ते वाच. घरातलं घरी ठेव." ते काही रागानं बोलले नव्हते, पण पोरीनं घरातलं घरी ठेवलं ते अख्खं तोंडच ठेवलं. ओट्यावर बसली की आळी डोक्यावर घेणार, आणि शाळेत मिठाची गुळणी. आता मार्च संपत आला होता. तोंडी वाचनाचे शेरे आज संध्याकाळपर्यंत भरायचे होते. क्षितिजाचा रकाना तेवढा कोरा होता. 'वाचता येत नाही' एवढं लिहिलं की पोर पुन्हा तिसरीत.

"मी चार महिने वाट पाहिली, बाई," गुरुजी म्हणाले. "आज तिनं वाचलं तर ठीक. नाही वाचलं तर मी खोटं लिहिणार नाही."

गुरुजी मूळचे घाटावरचे. बारा वर्षं इथं काढली, पण बोलणं कायम इस्त्री केलेलं.

सतरंजीवर अय्यूबनं पुस्तकं पसरली होती. त्याचं भिवंडीत वह्या-पुस्तकांचं दुकान. निवडून उरलेली पुस्तकं घेऊन त्याला वज्रेश्वरीच्या शाळेत पोचायचं होतं. बाहेर रिक्षावाला भोंगा वाजवून जीव खात होता.

"मावशी, जरा लवकर बघा."

"पोरांची पुस्तकं हायत, बोंबील न्हायत वास घेऊन उचलायला." गुणाबाईनं एक उघडलं. "ही पोरगी बर्फातून चाललेय. आमच्या पोरांनी बर्फ बघितला तो मच्छीच्या टोपलीत. र्‍हाऊ दे, नवं काय तरी बघतील." दुसरं उघडलं, चित्रं पाहिली. "हा पोरगा पयल्या पानापासनं शहाणा हाय. मग म्होरं वाचायचं कशाला?"

अय्यूब हसला. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी एक पातळ पुस्तक परत जाणाऱ्या गठ्ठ्यावर टाकलं. वर चिंबोरीचं चित्र, दोन्ही नांग्या उगारलेल्या, खाली एका बाईचं नाव.

"ते का काढलंत?"

"छपाईच्या चुका आहेत. पानोपानी."

गुणाबाईनं ते ओढून घेतलं. अक्षराखाली बोट ठेवून चालायची तिची सवय, आणि जोडाक्षर आलं की बोट अडायचं. पण एका शब्दावर ते अडलं नाही. पान उलटलं, पुन्हा तोच शब्द. ती मनात मोजत गेली.

"गुरुजी, एकदा चुकलं तर चूक. सतरा येळा तेच चुकलं तर ती लिवणारी बाई तशीच बोलते. कोण हाय ही?"

"आनंदीबाई," अय्यूब म्हणाला. "खाडीपलीकडची. मच्छी विकायची. आता माझ्या दुकानाच्या पायरीवर पोरं गोळा करून स्वतःच वाचून दाखवते. पोरं उठत नाहीत, मावशी. माझं गिऱ्हाईक खोळंबतं."

"पायरीवर ठीक आहे," गुरुजी म्हणाले. "शाळेत मुलं असलंच शिकतील. तुम्ही मोठ्यानं वाचा, आणि कानाला कसं लागतं ते तुम्हीच सांगा."

चार माणसांत वाचायची वेळ गुणाबाईनं आजवर येऊ दिली नव्हती. कधी चष्मा घरी विसरायची, कधी डोळ्यांत कचरा जायचा. खिडकीत पोरं जमली होती. आणि दारात, गुरुजींनी मागवलेला पाण्याचा तांब्या घेऊन, क्षितिजा उभी होती. आता चष्मा विसरला म्हणावं, तर तो नाकावरच होता.

तिनं पदर सावरला आणि बोट टेकवलं.

"मास... मास्तर बोलला, चिंबोरी, सरळ चाल." खिडकीत कोणीतरी खुसखुसलं. "चिंबोरी बो... बोलली, मी सरळ चालनार..."

पुढचा शब्द समोर छापलेला होता. जन्मभर दिवसातून शंभर वेळा तोंडात असलेला. पण समोर गुरुजी बसले होते, आणि गुणाबाईची मान आपोआप ताठ झाली.

"...नाही," तिनं वाचलं. अगदी शुद्ध.

"आजी, चुकलीस." आवाज दारातून आला. "तिथं न्हाय हाय."

गुणाबाईच्या कानाच्या पाळ्या तापल्या. भरल्या शाळेत नातीनं तिची चूक काढली होती. दुसऱ्या कोणी काढली असती तर त्याच्या सात पिढ्यांची हजेरी घेतली असती.

"मोठी आलीस मना शिकवणारी," ती म्हणाली. "ठेव तो तांब्या. तूच वाच."

क्षितिजानं गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी पुस्तक तिच्यापुढं धरलं. "पुस्तकात आहे तेच वाच," ते हळूच म्हणाले.

ती वाचायला लागली. आधी तोंडातल्या तोंडात, मग ओट्यावरच्या आवाजात. मास्तर चिंबोरीला सरळ चालवायला काठी घेतो आणि स्वतःच चिखलात बसतो, तिथं खिडकीतली पोरं पुन्हा हसली. ह्या खेपेला तीही हसली, आणि वाचत राहिली. बाहेरचा भोंगा थांबला. रिक्षावालाच येऊन खिडकीत उभा होता.

पुस्तक संपलं तेव्हा गुणाबाईनं शेऱ्यांचा तक्ता गुरुजींच्या पुढं सरकवला. "आता लिवा. पोरीला वाचता येते का न्हाय?"

गुरुजींनी पेनाचं टोपण काढलं. चष्म्याच्या काचा उगाचच पुसल्या.

"व्हय की," ते म्हणाले, "येतंय."

बारा वर्षांत पहिल्यांदा इस्त्री मोडली होती. गुणाबाईनं चिंबोरीचं पुस्तक कपाटात सगळ्यांत पुढं उभं केलं.

"अय्यूब, ऐकलंस कं? गुरुजींच्या छपाईत बी चूक हाय."