मद्रासची शेवटची शर्यत

"चढा काकू, जीटी एक्सप्रेस इथं जास्त थांबत नाही!" प्रभाकरने वच्छलाबाईंना हात देऊन डब्यात घेतलं. मागोमाग पुंडलिकरावांनी संत्र्यांची पिशवी दारातून आत सरकवली आणि ते पुन्हा पांढुर्ण्याच्या फलाटावर उभे राहिले.

"तुह्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेऊ दे विजूले," ते म्हणाले. "शर्यतीची गाडी सोडली म्हणून. त्याबिगर वापस येऊ नको."

"अन् तुम्ही काऊन नाही चालत?"

"मी गेलो का भांडण होते. तुहं तो ऐकते."

गाडी हलली. पुंडलिकराव काही पावलं सोबत चालले, मग थांबले.

बोरगावच्या या संत्रेवाल्या नवराबायकोचा एकुलता एक मुलगा, विजय, मद्रासच्या एका कारखान्यात नोकरीला होता. पांढुर्ण्याचा प्रभाकरही तिथेच; तो सुटीवर घरी येऊन आता परत निघाला होता. दोघांनी मिळून एक जुनी फियाट घेतली होती, तिला निळा रंग दिला होता आणि सत्त्याऐंशीच्या हिवाळ्यात विजय ती घेऊन मोटारींच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरला होता. हंगामभर वेगवेगळ्या शहरांत शर्यती, प्रत्येक शर्यतीचे गुण, आणि शेवटी ज्याचे गुण जास्त तो देशात पहिला. कलकत्त्याच्या शर्यतीत फियाट उलटली. विजयला खरचटलंसुद्धा नाही, पण उताण्या पडलेल्या गाडीचा फोटो नागपूरच्या पेपरात आला. पुंडलिकरावांनी तो पेपर सौंसरच्या बाजारात पाहिला, घरी आणून गादीखाली लपवला. वच्छलाबाईंना तो सापडायचा तो सापडलाच. त्या दिवसापासून डोळा लागला की त्यांना हवेत गरगर फिरणारी चार चाकं दिसत आणि त्या उठून बसत.

गाडी दक्षिणेकडे धावत राहिली. स्टेशनांच्या पाट्यांवरची अक्षरं हळूहळू गोल गोल होत गेली, बोली बदलल्या, चहाच्या जागी कॉफीच्या आरोळ्या आल्या. वच्छलाबाई खिडकीशी बसून मुलाला काय काय बोलायचं ते मनात जुळवत होत्या. कुठे रागवायचं, कुठे रडायचं, सगळं त्यांनी ठरवलं होतं. नागपूरच्या पलीकडे त्या आयुष्यात प्रथमच आल्या होत्या, पण बाहेरचं काही त्यांच्या डोळ्यांत शिरतच नव्हतं.

खोलीचं दार उघडून विजय बघतच राहिला. "माय! तू?" पाया पडायला वाकताना त्याचं डोकं दाराच्या कडीवर आपटलं. तो लहानपणापासून असाच. चौकटीला खांदा आपटायचा, ताट सांडायचा, पाहुण्यांपुढे अडखळायचा.

जेवणं झाल्यावर वच्छलाबाईंनी सुरुवात केली. "विजू, तो फोटो..."

"तिथं आला होता?" विजयने आईच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं पाहिली. "तवापासून झोपली नाही तू?"

विजयने प्रभाकरकडे पाहिलं, मग जवळ सरकून आईच्या डोक्यावर हात ठेवला.

"उद्याची शेवटची शर्यत झाली का सोडतो. तुही शपथ."

इतकंच. एवढं जुळवलेलं बोलणं, राग, रडणं तसंच राहून गेलं. वच्छलाबाईंनी चटईवर अंग टाकलं आणि कित्येक दिवसांनी त्यांना गाढ झोप लागली.

शर्यत शहराबाहेर, विमानांच्या एका जुन्या धावपट्टीवर होती. दुपारच्या उन्हात दूरचा रस्ता पाण्यासारखा चमकत होता. गाड्या त्या पाण्यातून वर यायच्या, आधी बिनआवाजाच्या, थरथरणाऱ्या, जशा कोणी झोपेत पाहाव्यात. आणि मग एकदम सगळा आवाज अंगावर कोसळायचा.

"पांढरी पुढं हाय, तिच्यामागं आपली निळी," प्रभाकर कानाशी ओरडला. "पांढरीच्या पुढं गेला का विजय देशात पहिला!"

समोरच्या वळणावर बाकीच्या गाड्या किंचाळत, झटके खात वळत. निळी तशी वळत नव्हती. पाटाचं पाणी बागेतल्या बांधाला जसं सहज वळसा घालून जातं तशी ती येई, किंचित कले आणि निघून जाई. कुठे धक्का नाही, अडखळणं नाही. वच्छलाबाईंना आधी वाटलं, आत दुसराच कोणी आहे. मग काचेआड त्यांना ओळखीची मान दिसली. चौकटीला आपटणारा त्यांचा मुलगा होता तो, आणि साऱ्या जगात त्याला नेमकी बसेल एवढी जागा त्या गाडीत होती. पुढच्या फेरीला त्या उभ्या राहिल्या. पदर डोक्यावरून केव्हा घसरला ते त्यांना कळलं नाही. भीती शोधूनही सापडेना.

शेवटच्या फेरीत निळी पांढरीला जवळजवळ भिडली. पण हातभर कमी पडली.

पांढऱ्या गाडीचा चालक, कलकत्त्याचा एक धिप्पाड माणूस, खाली उतरून थेट विजयकडे आला आणि त्याला मिठी मारून म्हणाला, "अगले साल तू ही है, भाई!" विजय हसला. घामाने निथळत, गाडीच्या टपावर हात ठेवून तो नुसता हसत राहिला.

परतीच्या दिवशी स्टेशनवर वच्छलाबाई म्हणाल्या, "विजू, ती शपथ मी तुले वापस देते. बाबाले मी पाहून घेईन."

विजयने नकारार्थी मान हलवली. "त्या रात्री तू घोरून राहिली होती, माय. मी ऐकत पडलो होतो." जरा थांबून तो म्हणाला, "मले तेवढं पुरे."

त्यांनी पुन्हा पुन्हा सांगून पाहिलं. त्याने ऐकलं नाही.

फियाट विकली गेली. उन्हाळ्यात विजय बोरगावला परतला, तेव्हा पुंडलिकरावांनी गावभर पेढे वाटले. संत्री नागपूरला न्यायला त्यांनी मेटॅडोर घेतली. "पोरगा लई जपून चालवते," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. ते खरंच होतं.

पुढच्या माघात मोहगावला एक लग्न होतं. वच्छलाबाई मेटॅडोरमध्ये विजयशेजारी बसल्या होत्या. रस्ता मोकळा होता, दोन्ही बाजूंनी बागा बहरल्या होत्या आणि फुलांचा वास आत भरून राहिला होता. पुढे एक लांबलचक वळण दिसलं. विजयने गाडी हळू केली.

"विजू," त्या म्हणाल्या, "थोडी पळव ना रे."

त्याने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. "संत्री दबतीन, माय."

"आज मागं काही नाही. रिकामी हाय गाडी."

विजय दोन्ही हात चाकावर ठेवून समोर बघत राहिला. वळण हळूहळू सरलं. मागून सौंसरची बस हॉर्न वाजवत आली. विजयने मेटॅडोर कडेच्या मातीवर उतरवली आणि हात बाहेर काढून बसगाडीला पुढे जायला वाट दिली.