खोक्यातली बाटली

चर्रर्र... चिकटपट्टीच्या आवाजानं दुपारच्या निवांत घरात सेनाइदाची झोप चाळवली. सासूबाई गावाला पाठवायचं खोकं बांधत असणार. तिनं कूस बदलली.

पुन्हा जाग आली तेव्हा घरात सासूबाई नव्हत्या, खोकं नव्हतं, आणि फळीवरची व्हिटॅमिनची बाटलीही नव्हती.

ती ताडकन उठून बसली. मदेरातून सीमेपलीकडे, मूळ मुलखात ओआहाकाला जाणाऱ्या प्रत्येक खोक्यात व्हिटॅमिनच्या गोळ्या असायच्याच. पण या बाटलीवर नुसतं लेबल व्हिटॅमिनचं होतं; आतल्या गोळ्या एचआयव्हीच्या होत्या. नवऱ्याशिवाय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तिला सातवा महिना होता. "एक दिवसही चुकवू नकोस. बाळाला जपायचंय ना?" नर्सनं बजावलं होतं. दवाखान्याची फिरती गाडी बदामाच्या बागांकडे येणार ती थेट पुढच्या आठवड्यात.

लेकीला, यारेलीला, हाताला धरून ती भर उन्हात, गावाकडची खोकी जिथून निघत त्या बेकरीकडे धावली. तिथं खोकी गावाला पोचवणारा नाबोर ती व्हॅनमध्ये रचत होता.

"आमचं खोकं उघडा ना, भाऊ."

"वहिनी, ज्यानं बांधलं त्यानंच उघडायचं. नाहीतर गावात मी चोर ठरायचो." त्यानं मागचं दार लोटायला घेतलं.

सावलीत बायकांशी गप्पा मारणाऱ्या सासूबाई, होविता, पुढे आल्या. "काय गं, काय झालं?"

"ती बाटली परत हवीय, सासूबाई."

"अगं बाई! माझ्या बहिणीला एक बाटली पाठवली तर एवढं लागलं तुला?"

"सुनेला दोन घास जास्त घाला हो, होविता!" मागून कुणीतरी म्हणालं. बायका खिदळल्या.

"भाऊ, लावा दार," सासूबाई म्हणाल्या.

सेनाइदानं त्यांचं मनगट धरलं आणि कानाशी तोंड नेलं. चार शब्दच बोलली. सासूबाईंचा चेहरा उतरत गेला.

"थांबा," त्या नाबोरला म्हणाल्या. स्वतःच्या हातानं त्यांनी पट्टी फाडली, बाटली काढली.

"चुकून घरातली आली हो," त्या बायकांकडे न बघता म्हणाल्या.

परतताना वळणावरच्या झाडाखाली त्या थांबल्या. "आजची घेतलीस?"

"नाही."

"मग घे ना! बघतेस काय?" त्यांनी पिशवीतली आपली पाण्याची बाटली पुढे केली.

गोळी घेऊन सेनाइदानं पाण्याची बाटली परत दिली. सासूबाईंनी घेतली. झाकण उघडंच होतं. कपाळावरून घाम ओघळत होता, ओठ सुकले होते, तरी बाटली तोंडाला लागेना आणि हातातून सुटेना. उष्ट्या पाण्यातून हा आजार पसरत नाही, हे नर्सनं सांगितलेलं सेनाइदाच्या अगदी जिभेवर आलं. पण तिनं गोळ्यांच्या बाटलीचं झाकण तेवढं घट्ट फिरवलं.

यारेली एकदा आजीकडे, एकदा आईकडे बघत राहिली.

"आई, आजीला तहान लागलीय ना? मग ती पाणी का पीत नाहीये?"